भोसरीचं जुनं यंत्र आणि टपालाचे नवे नियम

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार निवडली आहेत. पहिल्या पत्राला बरीच जागा दिली आहे, कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आणखी पाच-सहा जणांनी विचारला आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्या कंपनीचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. नुकतंच ऑडिट झालं, त्यात तीन सूचना आल्या. ओळीच्या शेवटी नियमबाह्य चिन्ह असलेले मेल नाकारा, टीएलएसच्या (मेल वाटेत सांकेतिक भाषेत नेणाऱ्या पद्धतीच्या) १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या सगळीकडे बंद करा, आणि स्वतःचं पूर्ण नाव न सांगणाऱ्या यंत्रांना दारातूनच परत पाठवा. मी हे केलं की भोसरीच्या प्लँटमधली चार यंत्रं मुकी होतात. ती २००६-०७ ची आहेत, दर पाळीला उत्पादनाचा अहवाल मेल करतात, आणि त्यांना नवं सॉफ्टवेअर मिळत नाही. साहेब म्हणतात, सगळं पूर्वीसारखं करून टाक. ऑडिटवाले म्हणतात, नियम म्हणजे नियम. मी कोणाचं ऐकू?
— एक वाचक, वाकड

उत्तर : तीन सूचना एकाच कागदावर आल्या म्हणून त्या एकाच वजनाच्या होत नाहीत. एक फार महत्त्वाची आहे, एक अर्धी बरोबर आहे, आणि एक तुम्ही जशी लिहिली आहे तशी अमलात आणली तर नुकसान करेल. एकेक घेऊ.

ओळीच्या शेवटाचं आधी. ज्यांनी हाताचा टाइपरायटर चालवला आहे त्यांना डावीकडचा तो दांडा आठवेल. ओळ संपत आली की घंटी वाजायची, दांडा ढकलला की गाडी उजवीकडे जायची आणि कागद एक ओळ वर सरकायचा. मी मराठी ३० आणि मराठी ४० च्या परीक्षा त्याच दांड्यावर दिल्या. टेलिप्रिंटरमध्ये मात्र ही दोन कामं दोन वेगळ्या चिन्हांकडे होती : सीआर म्हणजे गाडी मागे, एलएफ म्हणजे कागद पुढे. ई-मेलच्या नियमांनी ती जोडी तशीच ठेवली. इंटरनेटचे नियम ज्या क्रमांकित कागदांत असतात त्यांना आरएफसी म्हणतात; १९८२ च्या आरएफसी ८२१ पासून २००८ च्या आरएफसी ५३२१ पर्यंत ओळ संपते ती सीआर-एलएफनं, आणि पत्र संपतं ते एका ओळीवर एकटं टिंब आलं की. म्हणजे सीआर-एलएफ, टिंब, सीआर-एलएफ. युनिक्स या संगणकप्रणालीच्या जगात ओळ नुसत्या एलएफनं संपते. त्यामुळे यंत्रांत बसवलेली कितीतरी छोटी सॉफ्टवेअरं नुसता एलएफ पाठवतात. तुमची चार यंत्रं त्यातलीच असणार.

सर्व्हर हे वर्षानुवर्षं चालवून घेत आले, आणि त्यामागे एक विचार होता. इंटरनेटच्या जडणघडणीतले एक आद्य संशोधक जॉन पोस्टेल यांनी १९८० मध्ये इंटरनेटच्या नियमांत लिहून ठेवलं होतं की आपण पाठवताना काटेकोर राहावं आणि दुसऱ्याकडून घेताना उदार असावं. त्या उदारपणामुळेच इतक्या वेगवेगळ्या यंत्रांचं एकमेकांशी जमलं. मी या कामात आले तेव्हा मला हेच शिकवलं गेलं आणि मी ते मनापासून पाळलं.

मग डिसेंबर २०२३ मध्ये एसईसी कन्सल्ट या संगणक-सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी या उदारपणातली फट दाखवली. तिला एसएमटीपी स्मगलिंग असं नाव पडलं (एसएमटीपी म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांना मेल देण्याची ठरलेली रीत). समजा, मजकुराच्या मध्येच कोणी ‘एलएफ, टिंब, एलएफ’ घातलं. पाठवणाऱ्या सर्व्हरला तो मजकुराचाच भाग वाटतो, म्हणून तो ते तसंच पुढे देतो. घेणारा उदार असतो, त्याला वाटतं पत्र इथे संपलं. मग त्यापुढच्या ओळी त्याच्या दृष्टीनं मजकूर राहत नाहीत, नवे आदेश होतात : हे दुसरं पत्र, पाठवणारा अमुक, घेणारा तमुक. आणि हे दुसरं पत्र खऱ्या कंपनीच्या खऱ्या सर्व्हरकडून आलेलं असतं, त्यामुळे एसपीएफची तपासणी, म्हणजे पत्र त्या कंपनीच्या मान्य सर्व्हरकडूनच आलं का ही पडताळणी, ते बिनदिक्कत पार करतं. तुमच्या अकाउंट्स विभागाला ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असं पत्र एखाद्या ओळखीच्या पुरवठादाराच्या नावानं आलं, तर काय होईल ते मी सांगायला नको.

म्हणून या बाबतीत ऑडिटवाल्यांचं ऐकायचं. पण कसं ऐकायचं ते पाहा. पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर पुण्यातल्या छोट्या कंपन्यांत मला वारंवार भेटतो, म्हणून त्याचंच उदाहरण देते. त्याच्या कर्त्यांनी या फटीवर जो उपाय काढला तो नुसता ‘नाकारा’ असा नाही. त्यांनी ‘नॉर्मलाइज’ नावाची सोय दिली. तिच्यात पत्राचा शेवट नियमाप्रमाणेच असावा लागतो, तिथे तडजोड नाही. मधल्या ओळी मात्र नुसत्या एलएफनं संपल्या तरी सर्व्हर त्या घेतो आणि जोडी लावून नीट करतो. धोका ज्या एका जागी आहे तिथे घट्ट, बाकी जागी सैल. शिवाय अपवादांची यादी आहे, आणि मुळात तिच्यात फक्त आपल्या स्वतःच्या नेटवर्कमधली यंत्रं धरलेली असतात. बाहेरच्या कोणाला ही सवलत नाही.

हा उपाय मी पहिल्यांदा वाचला तेव्हा फार बरं वाटलं होतं. जुन्या यंत्राला सांभाळायचं म्हणजे सगळ्या जगासाठी दार सैल सोडायचं, असं साहेबांना वाटतं. नियम पाळायचे म्हणजे जुनं यंत्र भंगारात, असं ऑडिटवाल्यांना वाटतं. सवलत द्यायची तर नाव घेऊन द्यावी, ओळखीच्या यंत्राला, आपल्या कुंपणाच्या आत. तुमच्या प्रश्नातलं बाकी सगळं यातून सुटतं.

आता टीएलएस. १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये आरएफसी ८९९६ नं अधिकृतपणे बाद केल्या, त्यामुळे ऑडिटवाल्यांचं म्हणणं निराधार नाही. पण मेल सर्व्हरला एकच दार नसतं. ५८७ आणि ४६५ या दारांतून तुमचे लोक पासवर्ड देऊन आत येतात. तिथे जुनी आवृत्ती आजच बंद करा, उद्यावर ढकलू नका. २५ नंबरच्या दारातून दुसऱ्या कंपन्यांचे सर्व्हर टपाल आणून देतात, आणि तिथे सांकेतिक भाषा जमली तर जमली अशी रीत आहे. जमली नाही तर बरेच सर्व्हर तेच पत्र उघडं पाठवतात. म्हणजे तुम्ही जुनं आंतर्देशीय पत्र नाकारता आणि तुमच्या हातात पोस्टकार्ड येतं. सुरक्षा वाढवायला गेलात आणि होती तीही गेली. २५ वर घाई नको. पंधरा दिवस लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, ठेवा, जुन्या आवृत्तीनं कोण येतंय त्यांची यादी काढा, त्यांना फोन करा. पुण्यातले पुरवठादार असतील तर पाच-सात फोनांत काम होतं. मग बंद करा. तुमच्या एखाद्या ग्राहकाच्या करारातच आवृत्तीची अट असेल तर ती अर्थात आधी.

तिसरी सूचना पूर्ण नावाची. इथे मला माझी एक चूक सांगायलाच हवी. मेल आणून देणारं यंत्र आधी ‘हेलो’ म्हणून आपलं नाव सांगतं. नियमाप्रमाणे ते नाव पूर्ण असावं, मध्ये टिंब असलेलं, डोमेनसकट. स्पॅम पाठवणारी यंत्रं हे नेहमी चुकवतात, म्हणून काही वर्षांपूर्वी मी एका शीतगृहाच्या सर्व्हरवर हाच निर्बंध लावला. शुक्रवार संध्याकाळ होती. स्पॅम लगेच कमी झाला, आणि मी समाधानानं घरी गेले. त्या शीतगृहात तापमान मोजणारा एक डबा होता, भिंतीवर लावलेला, दोन हातांत मावेल एवढा. तापमान चढलं की तो मेल करायचा. तो आपलं नाव सांगायचा नुसतं ‘टेम्प०१’. टिंब नाही, डोमेन नाही. शनिवारी रात्री कॉम्प्रेसर बंद पडला. डब्यानं तीन वेळा मेल पाठवायचा प्रयत्न केला, माझ्या सर्व्हरनं तिन्ही वेळा ५०४ हा आकडा देऊन त्याला परत पाठवलं. रविवारी सकाळी रखवालदाराला जमिनीवर पाणी दिसलं. एका खोलीतला सगळा मटार गेला. सोमवारी मी लॉग उघडला, तर त्या तीन ओळी एकाखाली एक होत्या, रात्री १:१०, १:४० आणि २:१०.

त्यानंतर मी आरएफसी ५३२१ परत बसून वाचला. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की सांगितलेलं नाव आणि प्रत्यक्षातला पत्ता यांचा मेळ सर्व्हरनं हवा तर तपासावा, पण मेळ बसला नाही एवढ्याच कारणावरून पत्र नाकारू नये. अपुऱ्या नावाची गोष्ट थोडी वेगळी, ते नियमात बसत नाही हे खरं. पण नियमाचा रोख मला समजला. ओळख नीट सांगता आली नाही हा संशयाला जागा देणारा एक पुरावा झाला, शिक्षा देण्याइतका मोठा तो नाही. बाहेरून येणाऱ्यांना निर्बंध लावा, पण त्याआधी निदान दोन आठवडे फक्त ‘नाकारलं असतं’ अशी नोंद करणारी सोय वापरा. पोस्टफिक्समध्ये ती आहे. आणि शुक्रवारी संध्याकाळी काही बदलू नका.

तुमच्या चार यंत्रांसाठी प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते. प्लँटमध्येच एक लहान संगणक ठेवा, जुना डेस्कटॉपही चालेल, पण त्यावर ताजं लिनक्स हवं. त्यावर पोस्टफिक्स बसवा. हा तुमचा दुभाष्या. तो फक्त प्लँटच्या आतल्या नेटवर्कवर कान देईल, आणि तोही त्या चार यंत्रांच्या आयपी पत्त्यांनाच (नेटवर्कवरच्या क्रमांकांनाच). यंत्रं त्याच्याशी त्यांच्या जुन्या भाषेत बोलतील : टीएलएस नाही, नुसता एलएफ, अर्धवट नाव, सगळं चालेल. तो ओळी नीट करेल, तारीख किंवा मेसेज-आयडी (पत्राचा ओळखक्रमांक) नसेल तर घालेल, आणि मुख्य सर्व्हरकडे जाईल तेव्हा टीएलएस १.२ किंवा १.३ नं, स्वतःच्या पासवर्डनं जाईल. एक गोष्ट विसरू नका : यंत्रांचे अहवाल ज्या तीन-चार पत्त्यांवर जातात, तेवढ्याच पत्त्यांना दुभाष्यानं टपाल द्यावं. म्हणजे उद्या प्लँटमधल्या एखाद्या यंत्रात कोणी शिरलं, तरी तिथून जगभर स्पॅम जाणार नाही.

मुख्य सर्व्हरवर मग एकही अपवाद उरत नाही. ऑडिटवाल्यांना तो दाखवा. साहेबांना पाळीचा अहवाल दाखवा. आणि दुभाष्याच्या डब्यावर एक कागद चिकटवा : कोणत्या यंत्रांसाठी आहे, कोणी बसवला, चारही यंत्रं गेली की काढून टाकावा. असा कागद नसलेले डबे मी पुष्कळ पाहिले आहेत. ते कशासाठी आहेत हे कोणालाच माहीत नसतं, म्हणून बंद करायला सगळे घाबरतात, आणि मग तेच सगळ्यांत जुनं यंत्र होऊन बसतं.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या सभासदांना सूचना मेलनं जातात. ‘वार्षिक सर्वसाधारण सभा’ असा विषय लिहिला की काही सभासदांना ‘वार्षिक सर्वसाध’ इथपर्यंत नीट दिसतं, मग प्रश्नचिन्हाचे दोन-तीन काळे चौकोन, आणि पुढे ‘रण सभा’. काहींना पूर्ण बरोबर दिसतं. विषय इंग्रजीत लिहा, असा सल्ला मिळाला आहे.
— कार्यवाह, नारायण पेठ

उत्तर : तुम्ही चौकोन नेमके कुठे येतात ते लिहिलंत, म्हणून निदान करता आलं. मनापासून आभार.

मेलचा विषय ज्या भागात असतो तो मुळात फक्त रोमन अक्षरांसाठी बनला. मराठी विषय तिथे बसवायचा तर तो सांकेतिक तुकड्यांत बांधावा लागतो, आणि १९९६ च्या आरएफसी २०४७ प्रमाणे एक तुकडा ७५ चिन्हांहून मोठा नसावा. सुरुवातीची आणि शेवटची खूण वजा जाता त्यात ४५ बाइट मावतात. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो की हलन्त, तीन बाइट घेतं. म्हणजे बरोबर पंधरा चिन्हं. इथपर्यंत हिशेब जमतो. पण दोन शब्दांमधली मोकळी जागा एकच बाइट घेते.

आता मोजा. ‘वार्षिक’ची सात चिन्हं, २१ बाइट. मोकळी जागा धरून २२. उरले २३. ‘सर्वसाध’ची सात चिन्हं, म्हणजे २१. उरले दोन. पुढचं चिन्ह आहे ‘ध’चा काना, त्याला हवेत तीन. तुमचा मेल पाठवणारा प्रोग्राम अक्षर न बघता ४५ वर सुरी चालवतो, त्यामुळे त्या कान्याचे दोन बाइट पहिल्या तुकड्यात आणि एक दुसऱ्यात जातो. नियम सांगतो की अक्षर मध्येच तोडू नये, प्रत्येक तुकडा स्वतःपुरता पूर्ण असावा. तुमचा प्रोग्राम तो मोडतो. ज्या सभासदांचा मेल प्रोग्राम दोन्ही तुकडे आधी जोडून मग वाचतो, त्यांना काही कळतही नाही. जो नियमाप्रमाणे एकेक तुकडा वाचतो, त्याला तुटलेला काना दिसतो.

प्रोग्राम लिहून देणाऱ्याला हा परिच्छेद जसाच्या तसा दाखवा, दुरुस्ती अर्ध्या तासाची आहे. तोवर विषय लहान ठेवा. ‘सभा निमंत्रण’ला ३४ बाइट लागतात, एका तुकड्यात बसतं, तुटायला जागाच नाही. पण विषय इंग्रजीत लिहा हा सल्ला मी देणार नाही. मराठी विषय नियमात पूर्णपणे बसतो, चूक प्रोग्रामची आहे, आणि तिच्यासाठी तुमच्या सभासदांनी आपली लिपी सोडायचं काही कारण नाही.

प्रश्न : आमच्या शेतकरी गटानं पूर्ण देवनागरीतला ई-मेल पत्ता घ्यायचं ठरवलं आहे. जुन्या सर्व्हरवर चालेल का?
— एक वाचक, जुन्नर

उत्तर : घ्या, पण एकटा घेऊ नका. देवनागरी पत्त्याचे नियम २०१२ मध्ये आले, आणि .भारत हे डोमेन २०१४ पासून मिळतं. मात्र पाठवणारा, घेणारा आणि मधला प्रत्येक सर्व्हर, सगळ्यांना ही नवी सोय कळावी लागते. एकालाही कळत नसेल तर पत्र परत जातं, आणि देवनागरी पत्त्याचं आपोआप रोमन रूप करून पुढे ढकलायची सोय नियमात नाही. म्हणून त्याच पेटीला दुसरा रोमन पत्ता जोडून घ्या. पावतीपुस्तकावर दोन्ही छापा, देवनागरी वर.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. विंडोज ७ च्या संगणकावर जुन्या विंडोज लाइव्ह मेलमध्ये माझी २००९ पासूनची पत्रं आहेत. मुलगा परदेशी गेला तेव्हापासूनची त्याची सगळी पत्रं त्यात आहेत. आता पासवर्ड बरोबर असूनही मेल आत घेत नाही. दुरुस्तीवाला म्हणतो, संगणक पुसून नवीन विंडोज टाकतो. टाकू देऊ का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : बाई, आज काहीही पुसू देऊ नका. त्याला नाही म्हणून सांगा, आणि हे आधी करा.

तुमची पत्रं सुरक्षित असण्याची शक्यता फार मोठी आहे. हा प्रोग्राम प्रत्येक पत्र संगणकात वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो, नावाच्या शेवटी ‘ईएमएल’ असतं. ती फाइल म्हणजे ई-मेलच्या नियमांत जसं पत्र असतं तसंच, दुसऱ्या कुठल्याही वेष्टनाशिवाय. म्हणूनच २००९ चं पत्र आजच्या थंडरबर्ड या मेल प्रोग्राममध्येही उघडतं. शेजारच्या एखाद्या मुलाला बोलवा, स्टार्टमधल्या शोधाच्या चौकटीत ‘%localappdata%\Microsoft’ असं लिहून उघडलेल्या जागेतलं ‘Windows Live Mail’ नावाचं फोल्डर शोधायला सांगा, आणि ते पूर्ण फोल्डर दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर कॉपी करा. मग कुठल्याही नव्या संगणकावर त्यातली तीन पत्रं उघडून बघा : एक सर्वांत जुनं, एक मधलं, आणि एक फोटो जोडलेलं. ती नीट उघडली की पत्रं बचावली.

मेल आत का घेत नाही याचं कारण दोनपैकी एक असणार. एक तर तो प्रोग्राम अजून जुनी टीएलएस आवृत्ती वापरू पाहतो आणि पलीकडचा सर्व्हर ती आता स्वीकारत नाही. किंवा नेहमीचा पासवर्ड अशा जुन्या प्रोग्रामांसाठी बंद केला आहे. मेल सेवा देणारी मंडळी नियम कडक करतात ते तुमच्यासारख्यांची खाती चोरीला जाऊ नयेत म्हणून, आणि ते योग्यच आहे. पण तुम्हाला एक साधं मराठी पत्र पाठवून दोन महिने आधी सांगायला हवं होतं. नियम बदलणाऱ्याचं तेवढं कर्तव्य आहे असं मी मानते.

विंडोज ७ ला नवी दुरुस्ती १४ जानेवारी २०२० नंतर मिळत नाही, त्यामुळे त्या संगणकावर नवीन मेल उघडत राहा असं मी सांगणार नाही. नवीन पत्रं फोनवर किंवा टॅबवर वाचा. जुना संगणक इंटरनेटपासून सोडवून घरात राहू दे. दोन्ही पेनड्राइव्ह एकाच कपाटात ठेवू नका, एक बहिणीकडे किंवा मैत्रिणीकडे द्या. आणि ती तीन पत्रं उघडली की मला कळवा, पुढची पायरी म्हणजे सगळी पत्रं तुमच्या नव्या खात्यात परत कशी चढवायची ते सविस्तर लिहून पाठवते.